साचा क्रमांक चार

खिडकीची भिंत, खिडकीच्या रिकाम्या चौकोनासकट, साडेतीन टन.

•

चाळीत नळ एक आणि खोल्या अठ्ठावीस. पाळी पाटीवर खडूने लिहिलेली असायची. अठ्ठाविसावं नाव काशीराम परब. पाटी लिहिणारेही काशीराम परबच.

•

अप्पांना तपासून डॉक्टरीणबाई मानसीबरोबर जिन्यापर्यंत आल्या होत्या. "मार्च बघतील," त्या म्हणाल्या. चपलेत पाय घालून झाल्यावर पुन्हा म्हणाल्या, "एप्रिलचं मी बोलत नाही."

•

चारकोपच्या भाड्याच्या घरात पाटा-वरवंट्याला जागा नव्हती. तो तीन वर्षं जिन्याखाली, कोणाच्या तरी स्कूटरच्या चाकाला टेकून पडला होता.

•

डिसेंबरात कारखान्यातला साचा क्रमांक पाच वाकला. क्रेनवाला म्हणाला साचा कच्चा, साचेवाला म्हणाला क्रेन आंधळी. राहिला साचा क्रमांक चार.

•

"मानसी, आज सहाला लॉक. मग देव खाली उतरला तरी तारीख हलायची नाही. – प्रीतम."

•

तो निरोप मानसीच्या फोनवर शनिवारी दुपारी तीनला आला, आणि तेव्हा निलेश हॉलच्या मधोमध उभा राहून गाडीची वेळ सांगत होता.

हॉल म्हणायचं ते रीतीने. तिथे अप्पांची कॉट होती, कॉटच्या उशाशी प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं, आणि उरलेल्या जागेत परबांचं अख्खं घर गुडघ्याला गुडघा लावून बसलं होतं. भिंतीला टेकून आई. तिच्या पुढ्यात सूप आणि सुपातले कुळीथ निवडणारे हात. घरावर काहीही कोसळलं तरी रत्नप्रभाबाईंना हाताला काम लागायचं. दारात रुचिरा, निलेशची बायको. आणि खिडकीखाली, लोखंडी ट्रंकेवर, मांडीत लॅपटॉप घेऊन मानसी.

"उद्या सकाळी सहाला निघायचं," निलेश म्हणाला. "मोठी गाडी सांगितली आहे, अप्पा झोपून येतील. संध्याकाळपर्यंत गाव."

"आणि हे मशीन?" रुचिराने विचारलं. "गावाला लाइट दिवसातून चारदा जाते. तेव्हा काय वारा घालणार का सुपाने?"

"बॅटरी घेऊ ना."

"बॅटरी दोन तास चालते. मी वाचलंय त्याच्यावर. तू वाचलंस?"

"रुचिरा, प्लीज. त्यांना तिथे जायचंय. माणसाला शेवटी..." निलेशने शब्द गिळला आणि अप्पांकडे बघितलं.

अप्पा डोळे मिटून पडले होते. चाळीस वर्षांपूर्वी गिरणीतला कापूस छातीत शिरला होता, तो काही बाहेर यायला तयार नव्हता. ते डोळे न उघडताच बोलले, दोन शब्दांमागे एक श्वास घेत.

"शेवटी काय ता... बोल ना. लाजतंस कित्याक?"

"तसं नाही अप्पा."

"गावाक जातलंय. पण आधी वाकोला. नव्या घरात उभो रवान... गाऱ्हाणा घालतलंय. मगे खय व्हया थय ने."

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. परबांच्या घराण्यात नव्या घरात पाऊल टाकताना देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि ते घराच्या चार भिंतींच्या आत उभं राहूनच घालायचं. उघड्यावर घातलेलं गाऱ्हाणं वाऱ्यावर जातं. सात पिढ्यांची नावं, कुठल्या पूर्वजाची कुठली चूक माफ करायची, कोणाला आधी हाक मारायची, हे सगळं आता एका अप्पांच्याच डोक्यात उरलं होतं. निलेशने दोनदा लिहून घ्यायचा प्रयत्न केला. अप्पा म्हणाले, लिहिलेलं गाऱ्हाणं म्हणजे अर्ज. देव काय महापालिका आहे?

"मग असं करू," निलेश ट्रंकेकडे वळला. "मॅडम, तुम्ही सांगा. आपला आठवा मजला कधी उभा राहतो? फायनल. तू दिवाळीपासून एप्रिल-मे, एप्रिल-मे करते आहेस."

मानसीने लॅपटॉपचं झाकण थोडं पुढे ओढलं.

माणसं घर पायापासून वर बांधतात. मानसी ते शेवटापासून मागे बांधायची. पनवेलच्या पुढे तिच्या कंपनीचा कारखाना होता. तिथे इमारतींच्या भिंती साच्यात ओतायच्या, ट्रेलरवर घालून मुंबईत आणायच्या आणि एकीवर एक चढवायच्या. मानसीचं काम तारखांचं. ज्या दिवशी क्रेन भिंत चढवणार तो दिवस आधी धरायचा. त्यातून ट्रेलरचा दिवस वजा. त्यातून भिंत पक्की व्हायचे दिवस वजा. मग ओतायचा दिवस, सळ्यांची जाळी बांधायचा दिवस, सळ्या मागवायचा दिवस. असं मागे मागे येत आजपाशी पोचायचं. आजच्याही मागे गेलो तर समजायचं, उशीर झालेला आहे. तारीख तिने कधी स्वतःच्या मनाने घातली नाही. सळ्यांची तारीख सळीवाल्याला विचारायची, क्रेनची क्रेनवाल्याला. ज्याच्या हातात काम, त्याची तारीख. ती लिहायची आणि तिच्याशी वाद घालायचा नाही. आठ वर्षांत या एका नियमावर तिचं नाव झालं होतं.

वाकोल्याची चाळ पाडून तिथे जी इमारत उभी राहत होती, तिच्या भिंतीही याच कारखान्यातून येत होत्या. दोन वर्षांपूर्वी हे कळलं तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं होतं, आमचं चेडू आमच्याच घराच्या भिंती बनवतं.

"मानसी," निलेश म्हणाला. "कधी?"

"चोवीस जुलै."

सुपातला हात थांबला.

"जुलै?" निलेश हसला. "येडी आहेस का? एप्रिलचा जुलै कसा होईल?"

"डिसेंबरात एक साचा वाकला. खिडकीच्या भिंतीचे दोन साचे होते, एक उरला. आपली बिल्डिंग आणि मुलुंडची बिल्डिंग, दोन्हींचं डिझाइन एकच. दोघींना एकच साचा. एकीच्या भिंती आधी, दुसरीच्या मागून."

"आणि आपली मागून."

"हो."

"हे कोणी ठरवलं? तो तुमचा प्रीतम? नंबर दे मला त्याचा."

"प्रीतम सरांनी नाही ठरवलं." मानसी कीबोर्डकडे बघत होती. "ते मीटिंगमध्ये म्हणाले, वाकोल्याला तुमचंच घर आहे ना, मग तुम्हीच सांगा कोण आधी. आठ माणसं बसली होती, निलेश. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मुलुंड."

यंत्राने चारपाच श्वास टाकले.

"तू म्हणालीस," निलेश सावकाश म्हणाला. "तोंडाने. मुलुंड."

"विचार पण नाही केला. पटकन निघालं तोंडातून."

"पटकन! तुझ्या पटकनची ना, आरती ओवाळायला पाहिजे. शहाणपणा कोणाला दाखवत होतीस तू? त्या आठ जणांपैकी एकाला तरी आठवतंय का आज? आणि दोन महिने आम्हाला एप्रिल-मे, एप्रिल-मे. तोंड वर करून!"

"ओरडू नकोस तिच्यावर," रुचिरा म्हणाली. "डिसेंबरात अप्पा चालत होते. भाजी आणत होते. तेव्हा कोणाला माहीत होतं?"

"तू तिची बाजू घेऊ नको."

"मी बाजू नाही घेत, तारखा सांगते आहे."

"एक तारखावाली बस आहे घरात!"

"पण तिचो दोष नाय," आई म्हणाली.

सगळे वळले. रत्नप्रभाबाईंनी सूप बाजूला सरकवलं होतं. मानसीला वाटलं, आई आपल्यासाठी बोलते आहे. पण आई तिच्याकडे बघतच नव्हती. ती कॉटकडे बघत होती.

"ह्यांनी शिकवल्यानी तिका. पाटीवर आपला नाव शेवटी. सगळ्यांचा झाला काय मगे आपला. शेवटच्याक पाणी रवायचा काय हो? रवायचा? मी दोन कळशे घेऊन नाल्यापलीकडच्या नळावर जायचंय. अर्धा पाणी वाटेर सांडायचा. तिकडच्यो बायका म्हणायच्यो, तुझो घोव पाणी वाटता आणि तू भीक मागतंस? आणि एक दिवस चाळीन ह्यांका शाल घातल्यान. माणूस असावा तर असा!"

"आई, जाऊ दे ना आता," मानसी म्हणाली.

"कित्याक जाऊ दे? त्या शालीचा मी पायपुसणा केलंय."

अप्पांनी डोळे उघडले. "ती शाल... दोन वर्सां शोधी होतंय मी."

"न्हाणीच्या दारात होती. रोज पाय पुसत होतात तिका."

रुचिराला हसू आवरलं नाही. निलेशचंही तोंड वाकडं झालं. अप्पा हसायला गेले आणि खोकल्यात अडकले; आईनेच उठून त्यांची पाठ चोळली, नळी नाकाला नीट बसवली, आणि पुन्हा जागेवर येऊन भिंतीला टेकली. राग तिने तिथेच ठेवला होता, तो परत मांडीवर घेतला.

निलेश मानसीच्या समोर उकिडवा बसला. आवाज खाली आला होता, आणि तिला तोच जास्त झोंबला.

"ऐक ना. आज सहाला लॉक म्हणजे काय? मगाशी तुझ्या फोनवर दिसलं."

"पुढच्या सहा आठवड्यांच्या तारखा बंद होतात. सळ्या कापायला घेतात. मग बदलता येत नाही."

"म्हणजे सहापर्यंत येतं."

तिने फोन पालथा ठेवला.

"येतं की नाही?"

"येतं."

"आपली लाइन वर घेतली तर आठवा मजला कधी?"

हे गणित तिने मांडून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई तपासून गेल्या त्या रात्रीच. "एकोणतीस एप्रिल."

"मग घे की!"

"मुलुंडला छप्पन्न घरं आहेत. ती पण भाड्याने राहतायत. त्यांना पण तारीख दिलेली आहे, लेखी. त्यांच्यात पण कोणीतरी असेल ना रे असंच कॉटवर."

"असेल. त्यांच्या घरात पण असेल कोणीतरी त्यांचं बघणारं. तू आमची आहेस ना?"

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खालून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. मानसीने अप्पांकडे बघितलं. तिला वाटलं, आता ते बोलतील. चाळीत पाण्यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, तेव्हा ते पाटी हातात घेऊन मध्ये उभे राहायचे आणि आवाज न चढवता एवढंच म्हणायचे, लिवलेला हा. तेवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. निलेश गप्प झाला असता, लॅपटॉप मिटला असता.

"मानसी," अप्पा म्हणाले.

"हं."

"मुलुंडाक... किती घरां?"

"छप्पन्न."

ते छताकडे बघत राहिले. मग मान तिच्याकडे वळवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण एक अशी लाज होती की मानसीला नजर खाली करावीशी वाटली.

"बदल," ते म्हणाले.

"अप्पा?"

"एकदा... आपला नाव वर लिव. एकदाच गो. माका बघूचा हा."

आई उठली. पदर खोचून आत गेली, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, आणि मागे न वळता म्हणाली, "माझ्यासाठी कधी लिवलात नाय." आत नळ सुटल्याचा आवाज आला. भांडं कुठलंच नव्हतं त्याखाली, नुसतं पाणी.

•

    आठवा मजला, वाकोला. खिडकीची भिंत, आठ नग. साचा ४.
    ओतणे: ६ एप्रिलपासून. चढवणे: २९ एप्रिल.

    आठवा मजला, मुलुंड. खिडकीची भिंत, आठ नग. साचा ४.
    ओतणे: २९ जूनपासून. चढवणे: २४ जुलै.

•

ओळ वर ओढायला एक बोट लागतं. मानसीने ओढली. वाकोला वर गेला, मुलुंड खाली घसरला, आणि मुलुंडच्या सगळ्या तारखा, आठव्या मजल्यापासून चौदाव्यापर्यंत, एकामागोमाग लाल झाल्या. निलेश बाल्कनीत फोनवर होता. रुचिरा चार्जर घेऊन आली होती, ती मानसीच्या मागेच ट्रंकेला टेकून उभी राहिली.

खाली डाव्या कोपऱ्यात 'जतन करा' होतं.

मानसी मागे मोजू लागली. सवयच ती. एकोणतीस एप्रिल धरला. त्यातून मागे येत एकतीस मार्चपाशी थांबली, कारण ज्यांच्या हातात काम होतं त्यांनी तीच तारीख दिली होती. मार्च बघतील. एप्रिलचं मी बोलत नाही. मधे एकोणतीस दिवस होते, आणि त्या दिवसांत अप्पा नव्हते. ओळ वर घेतली काय आणि खाली ठेवली काय, अप्पांना त्या भिंती दिसत नव्हत्या. दिसणार होता तो फक्त छप्पन्न घरांचा उशीर.

हे गणित बरोबर होतं. तिने ते दोनदा तपासलं.

तिने 'बदल रद्द' दाबलं. पडद्याने विचारलं, खात्री आहे? तिने हो म्हटलं. लाल रंग विझला, मुलुंड वर आला, वाकोला आपल्या जागी जाऊन बसला.

"झालं, अप्पा," ती म्हणाली. "बदललं."

"कधी?"

"एकोणतीस एप्रिल."

अप्पांनी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि दिवस मोजायला घेतले. निलेश बाल्कनीतून आत आला, त्याने अप्पांची बोटं बघितली, मानसीकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यावर टप्पल मारली, शाळेत असताना मारायचा तशी. "सॉरी यार," तो म्हणाला. "जास्तच बोललो." मग फोन कानाला लावून, "हां भाऊ, उद्याची गाडी कॅन्सल. नाय नाय, सगळं ठीक आहे. झकास आहे."

स्वयंपाकघरात रुचिराने चहाचं आधण ठेवलं होतं. आई बाल्कनीत ओले कपडे झटकत होती. मानसी कपबशा काढायला गेली.

"मी काही बघितलं नाही," रुचिरा आधणाकडे बघत म्हणाली.

मानसीने कपबशा ओट्यावर मांडल्या.

"पण एकोणतीसला त्यांच्या तोंडाकडे कशी बघशील गं तू?"

"एकोणतीस येणारच नाही, वहिनी."

रुचिराने चहापूड टाकली. चमचा डब्यात तसाच राहिला. मग तिने मानसीचा दंड धरला, घट्ट, दुखेल इतका, आणि सोडला. "आलं किस," ती म्हणाली. "सासूबाईंना बिनआल्याचा चालत नाही."

•

चहा झाला. अप्पांनी तीन घोट घेतले, तेवढे गेल्या चार दिवसांत घेतले नव्हते. मग म्हणाले, माका बसव. निलेशने पाठीशी उशा लावल्या. अप्पांना गाऱ्हाण्याची उजळणी करायची होती. एवढे दिवस घातलं नाही, नावं पुढेमागे झाली तर पूर्वज कान उपटतील.

"हे खरा नव्हे हां," त्यांनी आधीच वर बघून देवाला बजावलं. "ही नुसती तालीम. खरा... वाकोल्याक."

"मगे चुकलात तरी चलता," आई म्हणाली. ती कॉटच्या पायथ्याशी येऊन बसली होती. डोक्यावर पदर घेतला होता.

"हे देवा महाराजा..." श्वास. "आज ह्या नव्या घरात... ह्या आठव्या माळ्यार... तुझी लेकरां हात जोडून उभी आसत..."

"होय महाराजा," निलेश म्हणाला.

"ह्येंच्या हातून जाणता-नेणता... काय चुकला-माकला आसात..."

"होय महाराजा," निलेश आणि रुचिरा.

"ता पदरात घी... आणि ह्या चेडवान..." अप्पा थांबले. हे गाऱ्हाण्यात नव्हतं. ते नवीन घालत होते. "ह्या चेडवान बापाशीसाठी जा केल्यान... तेचो दोष... तिच्या माथ्यार लावू नको. माझ्या माथ्यार लाव."

आईने मान वळवून मानसीकडे बघितलं आणि हनुवटीने खूण केली, म्हण.

"होय महाराजा," मानसी म्हणाली.

ट्रंकेवर फोन थरथरला. सहा वाजून एक मिनिट. 'लॉक झालं. थँक्स टीम.'

अप्पांनी आजोबांपासून वरची नावं घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या पिढीपाशी अडले. आईने आठवण करून दिली, आणि ते पुढे निघाले.

अप्पा तीन मेला गेले, रविवारी सकाळी, पेज पिऊन झाल्यावर.